आमच्या वर्गात भांडणं नाहीत

आदरणीय वुरयानी ताईस,

धाकट्या निंग्रुमचा गुडघे टेकून सलाम. तुझे गुडघे आता कसे आहेत? (ते दुखतात हे हार्जोकडून कळलं. ईदपासून आपण दोघी भावामार्फतच बोलतो, त्यामुळे तो बिचारा वकिलासारखं बोलायला लागलाय.) मी रागावलेय असं मनात आणू नकोस. आपलं बोलणं सुरू व्हावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

आमच्या क्लातेनच्या शाळेत सध्या मुलांची सामाजिक आणि भावनिक कौशल्यं मोजतात. ‘राग आला की मी समोरच्याला स्पष्ट सांगतो’ असली वाक्यं, आणि स्वतःला व शेजारच्याला पाचपैकी गुण द्यायचे. आता आपल्या जावा बेटावरच्या पोराने स्वतःला पाच देणं म्हणजे पाहुण्याने आपणहून पुन्हा भात मागणं. सगळ्यांनी स्वतःला तीन दिले आणि शेजाऱ्याला पाच. निष्कर्ष निघाला की वर्गात भांडणं नाहीत. हेडमास्तर दार्सोनो खूश.

प्रत्यक्षात सेकार आणि लिंतांग एकाच बाकावर बसून एकमेकींशी बोलत नव्हत्या. खोडरबरही मागच्या बाकामार्फत मागायच्या, तेही अगदी अदबीने. त्यांना भावनिक आधार द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लांबलचक भाषण दिलं, मनात ठेवू नका, काय खुपलं ते तोंडावर सांगा. दोघी गोड हसून “हो बाई” म्हणाल्या (म्हणजे नाही, हे तुला काय सांगायचं). मी हट्टाला पेटले, तेव्हा सेकार हळूच म्हणाली, “बाई, रागावू नका हं, पण आधी तुम्ही करून दाखवा ना.”

“गणितं पण आधी तुम्हीच करून दाखवता,” लिंतांग म्हणाली.

माझ्याविरुद्ध का होईना, दोघी एक झाल्या. हेडमास्तरांनी ते माझं यश धरलं. शिक्षकांच्या मोजणीतही ‘रागावर ताबा’ यात मीच पहिली आले. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
निंग्रुम

ता. क. मी रागावलेय. ईदला सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायचा कार्यक्रम जेवणाआधीच उरकला होता, नाहीतर तेव्हाच मिटलं असतं. आई गेल्यानंतरची ती पहिली ईद. तिच्या हातची चव यावी म्हणून मी पहाटे उठून, नारळ खवून कोंबडीचा ओपोर केला. तू सगळ्यांदेखत “छान, छान” म्हणालीस आणि एक घासही घेतला नाहीस. का, ते लिही. चव चुकली असेल तर तसं लिही.

आणखी ता. क. खाववलं नसेल तर तसं लिही. माझ्याही घशाखाली उतरला नव्हता.