इडली अजून पोटातच होती

मंगळवार, रात्र. अमरावती.

आज अकोल्याहून परतले. तपासणीसाठी सकाळी खाल्लेली, यंत्रात दिसणारं औषध मिसळलेली इडली दुपार झाली तरी निम्मी पोटातच. पडद्यावर स्पष्ट दिसली. इतकी वर्षं माझ्या उलट्यांना सगळे नाटक म्हणत होते ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, "साखरेच्या आजारानं पोटाच्या नसा मंदावल्यात, अन्न पुढे सरकत नाही. हे मनाचं दुखणं नाही." मला रडूच आलं.

त्यांच्याकडे नव्या औषधाचा अभ्यास सुरू आहे. काहींना खरी गोळी, काहींना बिनऔषधाची. मी लगेच हो म्हटलं. घरी सांगितलं तर हे भडकले.

"तुह्यावर काहून प्रयोग करू द्याचा? अन् बिनऔषधाची भेटली तं?"

"भेटू द्या. मी जाऊन राहिली."

भीती वाटत नाही का? वाटते. पण ती इडली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

जेवताना सासूबाई दुसरी भाकरी वाढायला आल्या. "खाय, नखरे नोको करू."

मी ताटावर हात आडवा धरला. "आई, माह्या पोटाले झेपते तेवढंच खाईन."

त्या भाकरी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मी हात काढला नाही.