व्हरांड्यातल्या खुर्च्या

प्रिय ओडेल,

पत्र बघून दचकू नकोस, ममा ठीक आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं कटवता येत नाही, शिवाय मधेच तोंडही घालता येत नाही. मोठ्या बहिणीला एवढी सोय हवीच.

टोलेडोत यंदा थंडी लवकर आली आहे. सरोवरावरून येणारा वारा हाडांत शिरतो. ममाची छाती तपासून डॉक्टरांनी बजावलंय, की यापुढे गारठ्यात बसणं बंद म्हणजे बंद. तिने त्यांच्यासमोर शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, आणि घरी येऊन कोटाचं तुटलेलं बटण शिवायला घेतलं. म्हणाली, रविवारी लागेल. मी काय बोलणार? आपल्या घरात रविवारचं जेवण कोट घालूनच होतं.

परवा तुझी वकीलबाई बस स्टॉपवर भेटली. तू तिला चांगलाच घाम फोडलास म्हणत होती. जुन्या शिक्षेची नोंद सीलबंद का करून हवी, म्हणजे कोणालाच ती दिसू नये असं का, हे सुनावणीत न्यायाधीशबाईंनी विचारलं की नोकरीचं सांगायचं, ट्रकच्या परवान्याचं सांगायचं, हे तिने तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. आणि तू टाय चाचपत उभा राहिलास नि म्हणालास, "मॅडम, मला माझ्या आईच्या टेबलाशी बसून जेवायचंय." न्यायाधीशबाईंनी विचारलं, मग आत्ता कुठे जेवता? तू म्हणालास, "व्हरांड्यात." सरकारी वकील इतका वेळ कागदांत डोकं घालून बसला होता, तोसुद्धा वर बघायला लागला. न्यायाधीशबाईंनी तुझा अर्ज मंजूर केला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. शिंक आल्याचं मी तुला नंतर सांगितलं ते खोटं होतं, मी रडत होते.

तुला आठवतं ना सगळं कसं सुरू झालं ते? चोरीचे टायर भरलेली ती गाडी तू चालवत होतास, बावीस वर्षांचा होतास. तू तुरुंगातून सुटेपर्यंत ममा या सरकारी वसाहतीत राहायला आली होती, आणि शिक्षा झालेल्या माणसाला इथल्या घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. वसाहत सांभाळणाऱ्या मिसेस पेटिफर्ड दारात उभं राहून ममाला म्हणाल्या होत्या, "उंबरठ्याच्या आतलं मला सगळं दिसतं. बाहेरचं मात्र मला नीट दिसत नाही, डोळे अधू झालेत माझे." त्याच रविवारी ममाने तीन खुर्च्या बाहेर ओढल्या. तेव्हापासून आपण तिथेच जेवतोय. नव्या वर्षाच्या दिवशी बर्फ पडत असताना हातमोजे घालून चवळी आणि मक्याचा पाव खाल्लाय आपण, आणि पलीकडचा म्हातारा रॉस्को रस्त्यावरून ओरडायचा, "अगं ए, सहलीला निघालात की काय!" ममा त्याला ताट भरून द्यायची, म्हणजे तोंड बंद.

एकदाच तू आत आलास. पायरीवरच्या बर्फावरून ममा घसरली आणि तू तिला उचलून आत सोफ्यावर निजवलंस. कोणीतरी ते बघितलं, वर कळवलं, आणि आठवड्याच्या आत दारावर घर खाली करण्याची नोटीस लागली. मिसेस पेटिफर्डनी रदबदली केली म्हणून निभावलं. पण तुझा चेहरा त्या दिवशी जो उतरला तो उतरलाच. त्यानंतर तू दाराच्या चौकटीला टेकूनसुद्धा कधी उभा राहिला नाहीस.

म्हणून गेल्या रविवारचं मी तुला बोलणार नाही. ममाने आत टेबल मांडलं होतं, लग्नातल्या बशा काढल्या होत्या, तुझी जागा खिडकीजवळ ठेवली होती. तू आलास, बूट चिखलाचे आहेत म्हणालास आणि नेहमीसारखा आपल्या खुर्चीवर जाऊन बसलास. बूट लख्ख होते, ओडेल. मीही अशी बावळट, की सवयीने तुझं ताट वाढून बाहेर घेऊन आले. मागे वळून बघते तर ममा कोट चढवत होती. तिने आत मांडलेल्या टेबलाकडे एकदा बघितलं, आपली बशी उचलली आणि बाहेर येऊन तुझ्या शेजारी बसली. सगळा वेळ खोकत होती, आणि सगळा वेळ तुझ्याशी हसून बोलत होती. तू गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "व्हर्लीन, कोर्टाने तर सोडलं. मग उंबरठा का चावतो गं त्याला अजून?"

तू घाबरतोस ते स्वतःसाठी नाही, तिचं छप्पर जाईल म्हणून, हे मला कळतं. म्हणून सोमवारी मी मिसेस पेटिफर्डकडे गेले. तुझ्या नावाने त्यांनी गुन्ह्यांच्या नोंदींत पुन्हा एकदा शोधून बघितलं. काहीही निघालं नाही, ओडेल. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आता आत जेव. मला बघू दे."

तरीही तू बाहेरच बसशील, मी तुला पुरती ओळखून आहे. आणि तू बाहेर बसलास की ती कोट घालणार, डॉक्टर गेले उडत. तेव्हा मी काय केलंय ते कळवायला हे पत्र. काल जुनं सामान गोळा करणारी चर्चची गाडी आली होती, तिच्यात मी तिन्ही खुर्च्या चढवून दिल्या. ममा खिडकीतून बघत होती, मला अडवलं नाही तिने. व्हरांडा आता मोकळा आहे. रविवारी ये. बसायला जागा फक्त आत आहे.

तुझीच,
व्हर्लीन