फुकटच्या पाच जागा

१२ जून, गुरुवार
ही वही माझी. कुणी उघडली तर हात मोडीन.

विजयसिंह साहेबांचा माणूस आलता, धुळाजी. साहेबांच्या इंग्रजी शाळंत आपल्या वस्तीच्या पाच पोरांना फुकट जागा. पिवळी गाडी दारात. मी लगेच नातीचं नाव दिलं, चैतालीचं. तिसरीत हाय. लेक-सून दिवाळी झाली की कोयत्यावर जातात, ऊस तोडायला. सून ज्योत्स्ना म्हणती, यंदा चैतालीला संगं न्यायची, तान्ह्याला धरायला. मी म्हणाले, तान्ह्याला झाडाला टांग. माझी नात उसात जाणार न्हाई. मी गेले तेवढं सात पिढ्यांना पुरंल.

१४ जून, शनिवार
बाकीची चार पोरं मीच गोळा केली. शेजारची सुंदरबाई म्हणाली, वस्तीवरची शाळा काय वाईट हाय, कारभारी गुरुजी रोज येतात. म्हणलं, रोज येतात आन रोज मोबाइलमधी माहिती भरतात. चार वर्गाला एक मास्तर. एका वर्गाला शिकवतो तवर तीन वर्ग उवा मारतात. दिला तिनं नातू. माझ्या तोंडापुढं कोण टिकतंय.

दुपारून गुरुजीच आले. म्हणाले, बाई, बारा पोरांतली पाच गेली तर... पुढं बोलू दिलं न्हाई. जयभीम घातला, कवाड लावलं.

१६ जून, सोमवार. सकाळी
गाडी आली. साहेबांनी पोरांच्या मधी उभं राहून फोटो काढला. मीबी हाय फोटोत. निम्मी.

२ जुलै, बुधवार
आमच्या पाचांना वेगळी खोली दिलीय, मागल्या अंगाला, मोडक्या बाकड्यांच्या शेजारी. मॅडमबी वेगळी. सुंदरबाई तोंड वाकडं करून सांगाया आली. म्हणलं, खुळे, साठ पोरांत एक मॅडम चांगली का पाच पोरांत? याला स्पेशल क्लास म्हणतात.

१९ जुलै, शनिवार
बाकीच्या पोरांना टाय हाय, आमच्यांना न्हाई. बरंय, गळ्याला फास कशाला. येणं-जाणं मागल्या गेटनं. तिकडं चिखल कमी असंल. इंग्रजीचं पुस्तक अजून न्हाई. आधी पाया पक्का करत असतील. भिंती उठायच्या आधी कुणी रंग देतं का?

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंड्याला जाणार होते. गुडघा. चैताली सांगती, कुणी पाव्हणे आलते तवा आमाला पुढं बसवलं, दुसऱ्या पोरांचे टाय घातले, पाव्हणे गेल्यावर काढून घेतले. धुवायला घेतले असतील.

३० ऑगस्ट, शनिवार
वही बघितली. २८ आन १५, उत्तर ३१३. त्यावर लाल शाईनं बरोबर. मी वीस वरसं उसाच्या मोळ्या मोजल्या, मुकादमाला एक मोळी खाऊ दिली न्हाई. तीनशे तेरा? नवीन पद्धत निघाली असंल. अख्ख्या वहीत एकबी चूक न्हाई. हुशार पोरगी.

३१ ऑगस्ट, रविवार
त्रेचाळीसच व्हतात. हरभरे मांडून बघितले.

दिवाळीच्या आधी पालकसभा हाय. तवा विचारीन. मधीच गेलं तर मॅडम पोरीवर डूख धरायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
वस्तीवरची शाळा बंद झाली. सातच पोरं उरली म्हणून. गुरुजींची बदली. पोरांनी आता ओढ्यापलीकडं चार किलोमीटर जायचं. ओढ्याला पाणी हाय, चौघं जातात, तिघं घरीच. लोक माझ्याकडं बघतात. बघू द्या. मी काय शाळंचं कुलूप घेऊन हिंडते का? आपली गाडी येती.

११ ऑक्टोबर, शनिवार
पालकसभा. नवं लुगडं नेसून एसटीनं गेले. पुढल्या हॉलात खुर्च्या, चहा. शिपाई हरिबा म्हणाला, आजी, तुमचं मागं. मागं गेले तर खोलीत वच्छलाबाई, गाडीत पोरं चढवती-उतरवती ती. विचारलं, मॅडम कुठंय? म्हणाली, मीच की. सातवी शिकलेय. लपवलं न्हाई तिनं काय. साहेबांनीच सांगितलं म्हणे, गाडी सुटूस्तवर पोरं संभाळ, आन सगळ्याला बरोबर करत जा, म्हंजी घरचे बोंबलत न्हाईत. म्हणलं, मी बोंबलायलाच आलेय. तर म्हणाली, पुढं जाऊन बोंबला, माझ्या भाकरीवर कावून पाय देता?

पुढं गेले. साहेबांचं भाषण चालू. सगळ्यांना सारखं शिक्षण, असं काय तरी. मी मधीच उठले. धुळाजीनं दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणाला, धर्माची गाय आन दात का गं न्हाय? म्हणलं, गाय न्हाई रे मुडद्या, पोर हाय.

टाळ्या वाजत होत्या. त्यांना.

१३ ऑक्टोबर, सोमवार
ठरवलं. आजपासून पोरगी गाडीत बसणार न्हाई. वस्तीवरची शाळा पुन्हा उघडून घेणार. किती अवघड असतंय? गुरुजींना फोन लावला. म्हणलं, पाची पोरं परत आणते, पट भरतो. गुरुजी म्हणाले, बाई, शाळा बंद व्हायला एक कागद लागतो, उघडायला बीडला दहा चकरा. आन ते पलीकडच्या तालुक्यात गेलेत. म्हणलं, मग त्या दिवशी नीट सांगायचं की! गुरुजी म्हणाले, सांगायलाच आलतो.

रेंज गेली. मीच ठेवला फोन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
स्वतः शिकवणार. रोज दोन तास. आजपासून.

२० ऑक्टोबर, सोमवार
सण. उद्यापासून.

१ नोव्हेंबर, शनिवार
आज लेकानं, समाधाननं, पोरीला पुढ्यात बसवलं. एकोणीस मोळ्या आन पंधरा मोळ्या, किती? तिनं पाटीवर मांडलं आन ठणकावून सांगितलं, दोनशे चौदा. शाबासकीसाठी माझ्याकडं बघितलं. समाधान रागावला असता तर भांडले असते. तो नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसला. ज्योत्स्ना तान्ह्याची झोळी शिवत होती. मान वर न करता म्हणाली, आत्याबाई, इथं राहून तरी काय करंल ही?

मी वीस कारणं सांगितली. एकबी शाळंचं नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
ट्रॅक्टर गेला. चैताली सरपणावर बसली, मांडीवर तान्हं. खुशीत होती. लांबचा गाव बघायचा म्हणून.

सुंदरबाई आली, नातवाला हाताला धरून. शाळा बंद झाल्यापासून माझ्याशी धड बोलली न्हाई, आज हळू बोलली. म्हणाली, सिंधुबाई, ह्याला आता कुठं घालायचं? तुमी सांगाल तिथं घालते.

मी म्हणाले, मला कावून विचारतीस? मला काय कळतं शाळंतलं.