बर्वेबाईंच्या खालच्या मजल्यावरचं कॉर्न्ड बीफ

बुधवार, ९ मार्च २००५
प्र. काल हिंजवडीहून आला तोच अपराधी चेहरा घेऊन. मुलगा एकतीस वर्षांचा, पण काच फोडून आलेल्या पोरासारखा दारात उभा. त्याचा अमेरिकन साहेब, पॅट, पुढच्या गुरुवारी आपल्याकडे जेवायला येतोय. माणूस मूळचा आयरिश. १७ तारखेला त्यांच्या संताचा सण, घरोघरी मिठात मुरवलेलं कॉर्न्ड बीफ आणि कोबी.
"मी बोलून गेलो आई, की माझी आई करते."
मी? माझी आई करायची, नाताळला, सॉल्ट बीफ. ते उकडून, वर गोड चकाकी चढवून ओव्हनमध्ये घालायचं हे कधी पाहिलं नाही.
"हॉटेलात ने त्याला."
"आई, तो तीन महिने पनीर खातोय."
दया आली. दया आली की माझं नेहमी नुकसान होतं.

गुरुवार, १० मार्च
झोप नाही. कारण वर घरमालक बर्वे.
कॅम्पातलं घर पाडून वर्ष झालं. बिल्डर म्हणतो दिवाळी. कुठली ते सांगत नाही. कर्वेनगरातला हा फ्लॅट मिळण्याआधी चार ठिकाणी नकार ऐकले. "फॅमिली चांगली आहे हो, पण ख्रिश्चन म्हणजे नॉन-व्हेज." पाचव्या ठिकाणी बर्वे. त्यांनी फक्त आडनाव विचारलं. देवस्थळी. "म्हणजे मूळचे संगमेश्वरकडचे?" मी हो म्हटलं. खरंच होते. प्र.च्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आडनाव तेवढं ठेवलं. बर्वेबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलेच!"
बत्तीस वर्षं कचेरीत साहेबांचं चुकलेलं इंग्रजी टाइप करताना दुरुस्त केलं, आणि हे एक वाक्य दुरुस्त केलं नाही.
अकरा महिन्यांचा करार ३१ तारखेला संपतो.

शुक्रवार, ११ मार्च
कॅम्पात गेले. इस्माईलभाईंच्या वडिलांकडून आमच्या आईने मांस घेतलेलं.
"बाई, लेंटमध्ये तुम्ही? चाळीस दिवस तर तुमचा उपवास."
"माझ्यासाठी नाही. गोऱ्यासाठी."
"मग छातीचा देतो. चरबी ठेवा, काढू नका." चार पदरी कागदात बांधून दिलं. वर स्वतःहून कोथिंबिरीची जुडी ठेवली, देठं पिशवीच्या बाहेर येतील अशी. या माणसाला न सांगता कळतं. आणि कळावं लागतं याचाच संताप येतो. मी काय चोरीचं नेत होते?
सोरा घ्यायला काष्ठौषधीवाल्याकडे, त्यानेच मांस गुलाबी राहतं. "फटाक्यांसाठी का?" मी म्हटलं, लोणच्यासाठी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी खोटं बोलल्याबद्दल एकदा तोंड साबणाने धुवायला लावलं होतं. चव अजून आठवते.
घरी येऊन सोरा, खडेमीठ, काळी साखर, मिरे, तमालपत्र, लिंबं असं सगळं चोळलं, काचेच्या भांड्यात घातलं, वर पाट्याचा वरवंटा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. वर कोथिंबीर.
प्र.ने येताना मक्याची सहा कणसं आणली. कॉर्न्ड म्हणून! इतकी फी भरून शिकवला. कॉर्न म्हणजे दाणा रे, मिठाचा जाड खडा. गाढव. (कणसं भाजून खाल्ली. चांगली होती.)

शनिवार, १२ मार्च
दिवसातून दोनदा उलटायचं. सोरा जास्त तर पडला नाही? आई चिमूटभर म्हणायची. आईची चिमूट माझ्यापेक्षा लहान होती. जास्त झाला तर विषच. परक्या देशातला पाहुणा. पुन्हा पुन्हा तेच डोक्यात.
दुपारी चार तास वीज नाही. फ्रीज उघडायचा नाही असं स्वतःला बजावलं आणि तीनदा उघडला.

सोमवार, १४ मार्च
ब.बाई खाली आल्या. त्यांना घंटा वाजवायची सवय नाही, दार ढकलून "आहात का?"
"अहो देवस्थळीबाई, थोडी कोथिंबीर आहे का?"
आणि सरळ फ्रीजकडे! मी मध्ये उभी राहिले. साठी उलटलेली बाई स्वयंपाकघरात गोलकीपरसारखी.
"बसा ना, मी देते."
बसल्या. इकडेतिकडे बघून, "तुमचे देव अजून कॅम्पातच का हो?"
मी म्हटलं, "ते सगळीकडेच असतात." खोटं नाही. त्या हसल्या, वा वा म्हणाल्या. मग गुडघा दाखवला, सुनेबद्दल सांगितलं. सून बंगलोरला, महिन्यातून एक फोन. "तुम्ही खाली आल्यापासून मला बरं वाटतं." हे कशाला सांगितलंत बाई.

बुधवार, १६ मार्च
मांस बाहेर काढलं. आतून गुलाबी, घट्ट. आईचं असायचं तस्संच. जरा रडू आलं, कारण काही नाही.
प्र.ला म्हटलं, उद्या वास वर जाणार. म्हणतो, "आई, चिल. खिडक्या बंद, एक्झॉस्ट चालू." एक्झॉस्टचं तोंड बर्वेंच्या गॅलरीखालीच उघडतं हे त्याच्या कॉम्प्युटरला माहीत नाही.
"आणि करार?"
"त्यांना कोण सांगणार आहे?"
याला नोकरी लागली, पाठीचा कणा कधी लागणार?

गुरुवार, १७ मार्च
आजच लिहिते.
साडेतीन तास मंद आचेवर. मला लेंट, चाखता येत नाही, प्र. लवकर आला, त्याने चाखलं, डोळे मिटले. गूळ, राई वाटून, व्हिनेगर, असं वरून लावलं आणि ओव्हनमध्ये. त्याच पाण्यात कोबी, मोठ्या फोडी, दहा मिनिटं. चाळणीत काढून टेबलावर ठेवला. प्र. पॅटला आणायला गेला.
सहा वाजता दार ढकललं. "आहात का? कसला हो सुरेख वास! गूळ आणि मोहरी?" ओव्हन बंद, आत काय ते दिसत नव्हतं. कोबी मात्र समोर. "एवढ्या मोठ्या फोडी? बघू." आणि एक उचलली. आपल्या घरात उचलावी तशी.
मी गप्प बसले असते तर झालं होतं. पाच सेकंदांचं काम. कोबीच की. चौदा दिवसांनी सही, दिवाळीपर्यंत घर.
मी त्यांचं मनगट धरलं.
"खाऊ नका."
"का, तिखट आहे?"
"मांसाच्या पाण्यात शिजवलाय."
"...कसल्या?"
मटण म्हणता आलं असतं. कोंबडी म्हणता आलं असतं!
"बीफ. आम्ही ख्रिश्चन आहोत. चार पिढ्या."
फोड हातात. कुठे ठेवावी त्यांना कळेना. टेबलावर नको, चाळणीत नको. मी हात पुढे केला. माझ्या तळहातावर ठेवली. मग बेसिनशी जाऊन हात धुतले. साबण लावला, धुतला, परत लावला. मी टॉवेल दिला तो घेतला नाही, पदराला पुसले. गेल्या. दार लोटून घेतलं, एवढं मात्र केलं.
पॅटने तीनदा वाढून घेतलं. म्हणाला, त्याच्या आजीचं असंच असायचं. मी काय बोलले आठवत नाही.

शुक्रवार, १८ मार्च
वर सगळं शांत. नेहमी सकाळी पाट्यावर काहीतरी वाटत असतात, तेही नाही.
प्र. भडकला. "एक तुकडा कोबी खाल्ला असता तर काय मेल्या असत्या?"
"मेल्या नसत्या. मी तिला रोज जिन्यात कशी भेटले असते?"
"आता जिनाच राहणार नाही आपल्याला."
बरोबर आहे त्याचं. म्हणूनच एक ठेवून द्यावीशी वाटली.

मंगळवार, २२ मार्च
वर्तमानपत्रात भाड्याच्या जागा बघितल्या. "फक्त शाकाहारी." "फक्त महाराष्ट्रीय ब्राह्मण." उघड लिहितात, लाज नाही. मी काय आहे मग, मॉरिशसची? तीन फोन केले. आडनाव सांगितलं की आवाज गोड, "एक सांगायचंय" म्हटलं की गोडी गेली.

शुक्रवार, २५ मार्च
गुड फ्रायडे. चर्चहून परतले तर सोसायटीत होळी रचत होते. जिन्यात ब.बाई, हातात नारळ. दोघी थांबलो. त्याच बोलल्या.
"मला कधी कळलं नसतं."
"हो."
"मग का थांबवलंत?"
"तुम्ही दार न वाजवता येता म्हणून." दुसरं सुचलं नाही. सुचलं तरी हेच म्हटलं असतं.
त्यांनी नारळाची शेंडी कुरवाळली. मग खालच्या आवाजात, "ह्यांना मी सांगितलेलं नाही. ३१ला हे कागद घेऊन खाली येतील. तुम्ही काही बोलू नका. सही करा."
वर गेल्या. पायऱ्या मोजत, गुडघ्यामुळे.

बुधवार, ३० मार्च
प्र. खूश. "झालं की! बाई समजूतदार आहेत."
समजूतदार! आतापर्यंत खोटं मी एकटी बोलत होते, आता तीही माझ्यासाठी बोलते, नवऱ्याशी, बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. उद्या बर्वेंना कळलं तर घर माझं जाईल, पण बोलणी तिला. आणि मी सांगितलं तर ती कळून गप्प बसली हेही निघणार. सांगितलं तरी तिला, न सांगितलं तरी तिला.
प्र. म्हणतो, "प्लीज आई. दिवाळीपर्यंत."

गुरुवार, ३१ मार्च
सकाळी साडेनऊ. पेन, चष्मा, शाई. प्र. ऑफिसला मुद्दाम गेला नाही, पेपर उलटा धरून वाचतोय.
काल रात्रभर वाक्य जुळवलं. "बर्वेसाहेब, सहीआधी आमच्याबद्दल एक." इथपर्यंत येतं. बाईंचं नाव न घेता पुढे कसं जायचं ते येत नाही.
पावणेदहा. वरचं दार वाजलं. जिन्यात चपला. एकट्या त्यांच्या नाहीत. दुसऱ्या हळू आहेत, एकेका पायरीवर थांबत. बाईही येतायत.