पहिला नारळ आणि पाण्याचं मीटर

४ मार्च २००७, सकाळी

पेपरात एका प्रोफेसरांचा लेख वाचला. परदेशात म्हणे माणसांच्या कामावरचा टॅक्स कमी करून पाणी, कोळसा, रेती यांच्यावर लावतात. माणसाला काम दिलं म्हणून दंड कशाला? जो निसर्गाचं फुकट ओरपतो, त्याने भरावं. अगदी माझे विचार. फक्त मला सुचले नव्हते.

आमच्या नारपोलीत गावदेवीच्या जत्रेची वर्गणी कामगारामागे घेतात. माझ्या कापडाच्या लूमवर चाळीस माणसं. शेजारी केसरीनाथचं सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. माणसं सहा, पण बॉयलर दिवसभर बोअरचं पाणी पितो. वर्गणी सहाजणांचीच! सकाळ-संध्याकाळ त्याचा धूर खायचा आम्ही.

काल त्याने स्कॉर्पिओ घेतली. त्याचा इथे काही संबंध नाही.

६ मार्च

बायको म्हणाली, केसरीभावजींच्या गाडीचा रंग छान आहे. पांढरा! पांढरा काय रंग असतो? त्याने पाठवलेल्या पेढ्यांना तत्त्व म्हणून हात लावला नाही. संध्याकाळी दोन खाल्ले. शिळे होते.

११ मार्च

देवळात कमिटीची मीटिंग. लेखाचं कात्रण वाचून दाखवलं. ठराव पास: प्रत्येकाच्या बोअरला मीटर, वर्गणी पाण्याप्रमाणे. बाकीच्या लूमवाल्यांनी पाठ थोपटली. केसरीनाथ म्हणाला, बरोबर आहे, पाणी मीच जास्त ओढतो. ढोंगी. घाव वर्मी लागलाय.

संकल्प: यंदा सिल्कचा झब्बा शिवायचा. जत्रेत पालखीपुढे पहिला नारळ फोडायचा मान अकरा वर्षं माझाच आहे. केसरीनाथ मागे गर्दीत उभा राहतो. तिथेच शोभतो.

१९ मार्च

मीटर बसले. त्याचा काटा पळतोय, माझा रांगतोय. दिवसातून चार वेळा कुंपणावरून बघून येतो. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

२५ मार्च

कमिटीचे अध्यक्ष दाजी घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "औंदा नारल केसरीनाथचा. ज्याची वर्गणी जास्त, त्याचा मान. तुला ठावं हाय ना?"

मी म्हटलं, ठाऊक आहे की.

ठाऊक होतंच. माणसं माझी जास्त, म्हणून वर्गणी जास्त, म्हणून नारळ माझा. यात न समजण्यासारखं काय आहे? फक्त या सगळ्या गोष्टी एकदम डोक्यात आल्या नव्हत्या. चहा गार झाला. झब्बा शिंप्याकडे आहे.

२६ मार्च

मार्ग सापडला. मीटर जत्रेच्या आदल्या दिवशी वाचणार. तोवर पाणी मी जास्त वापरायचं, संपला विषय. कामगारांना दिवसातून तीन आंघोळी कंपल्सरी. अंगण, गटार, पत्रे रोज धुवायचे. प्रोफेसरांना हे आवडणार नाही, पण त्यांना कधी नारळ फोडायला मिळाला नसेल.

१ एप्रिल

पंप दिवसभर चालू. रस्त्यावर चिखल, त्यात रिक्षा रुतली. लूमवरचा जॉबर, म्हणजे माझा मुकादम, हारूनभाईने विचारलं, मी काही मन्नत मागितली आहे का. बायकोचं म्हणणं, उन्हाळ्याच्या तोंडावर असं पाणी ओतणं पाप आहे. पाप-पुण्याचं जत्रेनंतर बघू. केसरीनाथचा काटा अजून पुढेच आहे. मेला पितो तरी किती!

५ एप्रिल

पुढे गेलो! थोडासाच, पण पुढे.

७ एप्रिल, सकाळी

हारूनभाई धावत आला. "शेठ, बोअर से सिर्फ हवा आ रही है."

दुपारी

बोअर आटली. चाळीस माणसं रिकाम्या बादल्या घेऊन दारात. मी टँकरवाल्याला फोन करेपर्यंत बायकोने परस्पर केसरीनाथला सांगितलं. तासाभरात त्याने कुंपणावरून पाइप टाकून दिला. वर पैसे नको म्हणाला. इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता.

८ एप्रिल

भयंकर. माझ्या माणसांचं पाणी त्याच्या मीटरवर पडतंय! माझा प्रत्येक कामगार डोक्यावर तांब्या ओततो आणि काटा पळतो केसरीनाथचा. हुकूम काढला: एकच आंघोळ, अर्धी बादली. कोणी ऐकत नाही. त्यांना आता सवय झाली.

१५ एप्रिल, जत्रा

झब्बा घालून गेलो. शिवलाच होता.

दाजींनी नारळ केसरीनाथच्या हातात दिला. तो तसाच माझ्याकडे आला. म्हणाला, "सावळ्या, तूच फोड. तुझा हात बसलेला हाय. मला कुठं हौस हाय त्याची?"

सगळं गाव बघत होतं. मला हवा होता तो नारळ. या जगात दुसरं काही नको होतं. आणि मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.

का म्हणालो, देव जाणे. त्याने एका घावात फोडला. मला रडू आलं. बायकोला सांगितलं, धूप डोळ्यांत गेला.

मग कमिटी बसली. पुन्हा कामगारामागे वर्गणी घ्यावी, हे सांगायला मी उठतच होतो. तेवढ्यात केसरीनाथने ठराव मांडला: पाण्याची वर्गणी कायम करावी आणि तिला सावळाराम पद्धत म्हणावं. टाळ्या पडल्या. लूमवाल्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. दाजींनी विचारलं, अनुमोदन कोण देतंय.

सगळे माझ्याकडेच बघत होते. मी हात वर केला.