कान्सासमधलं मतदान आणि माझा भाऊ

२९ मार्च १८५५
आले! नदीपलीकडच्या, गुलाम ठेवणाऱ्या मिझुरीतून गाड्याच्या गाड्या. ओढ्याकाठी तंबू, दारूची पिंपं, बंदुका. उद्या आमच्या कान्सासचं मतदान — इथे गुलाम ठेवायचे की नाही, हे ठरवणारी माणसं निवडायची. यांचा काय संबंध?
त्यांच्यात माझा धाकटा भाऊ हार्डिनही! दारात उभा राहून हसला. "ताई, तुझ्या हातची मक्याची भाकरी दे ना. मत द्यायला आलोय."
वाढली. किळस आली, तरी वाढली.

३० मार्च
माझा नवरा ओबेद मतपेटीवरचा पंच. प्रत्येकाला म्हणाला, इथला रहिवासी असल्याची शपथ घ्या. हार्डिन म्हणतो, "आहे की! कालपासून राहतोय. जेवलोही दाजींकडेच!" सगळे खिदळले.
ओबेद हलला नाही. मग त्यांनी कोपऱ्याखाली ओंडका सारून मतदानाची अख्खी लाकडी खोलीच उचलली! बाकीचे दोन पंच खिडकीतून पळाले. ओबेदला फरफटत बाहेर काढलं. ओठ फाटला.
इथल्या माणसांना दारापर्यंत पोचूच दिलं नाही. पेटी मात्र भरली!

३१ मार्च
हार्डिन निघताना म्हणाला, "दाजी, मनावर घेऊ नका हं." त्याच्या बुटांचा चिखल खरवडला. त्यावर थुंकले.

३ एप्रिल
राज्यपाल म्हणतात, शपथेवर तक्रार आली तर फेरमतदान घेऊ. ओबेद घरोघर फिरला. कुणी तयार नाही. "घर जाळतील हो. आणि नाव कुणाचं सांगायचं? ओळखतो का आपण कुणाला?"
मी एकाला ओळखते.

५ एप्रिल
राज्यपालांच्या कचेरीत शपथेवर सांगून आले. हार्डिन टॅलबट, घर मिझुरीत, माझा सख्खा भाऊ. कारकून थबकला. "बाई, नक्की ना?"
"लिहा."

१९ एप्रिल
विहिरीत मेलेलं डुक्कर टाकलंय. फुगलेलं. ओबेदनं दोर लावून काढलं. मी दिवसभर ओकले.

२२ मे
फेरमतदान झालं. पलीकडून कुणी फिरकलं नाही. आमचीच माणसं, आमचीच मतं. एक गोळी सुटली नाही! ओबेद शीळ घालत घरी आला.

९ जून
हार्डिन ओढ्यापलीकडे राहायला आला. कायमचा. रीतसर जमीन घेतली. बायको, गाय, नांगर — आणि विकत घेतलेली एक काळी बाई. "ताई, आता सांग शपथेवर! पुढच्या वेळी माझं मत दाजींना घ्यावंच लागेल."
घ्यावंच लागेल. खरंय.
ती बाई गाडीतून ओझी उतरवत होती. मी तिला पाणी दिलं, नाव विचारलं.
उत्तर हार्डिननं दिलं.