मागच्या खोलीतली ऊब

दुलूथ, ६ जानेवारी १९५२

आले एकदाची! खाणीवर आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं. इथे माझी स्वतःची खोली, आणि खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसतं. काम एवढंच की मिसेस आसेन या म्हातारीचं करायचं, रांधायचं, घर उबदार ठेवायचं. तिचे गुडघे गेलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझा वेलदोड्याचा पाव दोनदा मागून खाल्ला, आणि वर म्हणते कशी, तुम्हा फिन लोकांना एवढं तरी येतं!

घर विचित्र आहे. बैठकीत भट्टीसारखं उकडतं, तर जिन्यात दात वाजतात.

९ जानेवारी

आज खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांच्या मागे लागले. बाबा शाळेतला बॉयलर सांभाळायचे, त्यामुळे या वाफेच्या धुडांच्या खोडी मला ठाऊक आहेत. वाफ वर येते आणि पाणी परत जातं ते एकाच नळातून; व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला की दोघांची मारामारी, आणि नळात ठोकाठोक. जिन्यातला पूर्ण उघडला, रेडिएटर नळाकडे कलावा म्हणून त्याच्या पलीकडच्या पायांखाली लाकडाची चीप सारली. पाणी उतरलं, ठोकाठोक थांबली. माझ्या खोलीतल्याची हवा सोडायची झडप बुजली होती, ती व्हिनेगरात उकळून काढली. हवा निघाल्याशिवाय वाफ शिरणार कुठून? जरा वेळ फुसफुसली, मग लोखंड तापलं.

म्हातारीनं अंगावरची शाल काढून ठेवली. तिच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ झाली.

१२ जानेवारी

वरची मागची खोली तेवढी राहिली. तिथला व्हॉल्व्ह बंद, मूठसुद्धा काढून टाकलेली. विचारलं तर म्हातारी उसळली, "ती हाल्वोरची खोली. तिथे ऊब द्यायची नाही!" हाल्वोर तिचा नवरा. शेजारच्या बाई सांगत होत्या, तो त्याच खोलीत गारठून गेला.

पण तिथला गारठा भिंतीतून माझ्या उशाशी येतो, त्याचं काय? बाहेर बर्फ सुरू झालाय.

१४ जानेवारी

दुपारी म्हातारीचा डोळा लागल्यावर पाना लावून व्हॉल्व्ह उघडला. झडपेवर बोट धरलं. हवा बाहेर यायला हवी होती. ती आत ओढली जात होती. सावकाश, थांबून थांबून, कुणी श्वास घ्यावा तशी.

लोखंड थंडच राहिलं. संध्याकाळी जिन्यातला रेडिएटर गार पडला.

१५ जानेवारी

आता बैठकीतलाही. बॉयलरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेत पातळी बरोबर आहे, जाळ रसरशीत, तळघरातला नळ हात भाजतो. मग ऊब जाते कुठे?

मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. रेडिएटरवर हिमाची साय. पण पलंगावर — गादीत माणूस निजल्यासारखा खळगा. हात लावला. उबदार होता.

१६ जानेवारी

बर्फानं बाहेरचं दार उघडत नाही. फोन मुका. म्हातारीचे ओठ निळे पडलेत. तिच्यापाशी मी सगळं कबूल केलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "उघडलास ना? मग जा, बंद करून ये."

व्हॉल्व्ह फिरेना. दोन्ही हातांनी पाना ओढत होते, तेवढ्यात पाठीमागे दार लागलं. किल्ली फिरली. त्या गुडघ्यांनी जिना चढून आली होती ती.

१६च, दुपार

वही, पेन्सिल एप्रनच्या खिशात होती म्हणून —

खिडकीला बाहेरून फळ्या. दार बडवलं, विनवण्या केल्या. ती दारापाशीच उभी होती. म्हणाली, "माझी ऊब ओढतोय गं तो. तुझी घेऊ दे. तू तरुण आहेस, पोरी."

खाली रेडिएटर फुसफुसतायत. एकेक करून. ऐकू येतंय.

१७

पेन्सिल धरवत नाही. दातांत —

ती येऊन सांगून गेली, खाली छान गरम झालंय म्हणून. समाधानानं. लेकीला सांगावं तसं.

एकच जागा उबदार आहे इथे, पलंगावरचा तो खळगा. नाही बसणार. नाही —

फक्त कडेला. पाय नुसते —

पांघरूण मी उचललं नाही. पलीकडे सरकून त्यानंच जागा